मावेजा : निकालाचा आणि वसुलीचा

'मावेजा' हा शब्द मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला कदाचित परका वाटेल. परंतु जळकोट, उदगीर, कंधार, मुखेड या भागातील कोणाही शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. निजामी राजवटीच्या उर्दू दप्तरातून आलेला हा शब्द तलावाखाली गेलेल्या, रस्त्यात गेलेल्या आणि कालव्यात गेलेल्या जमिनींच्या निमित्ताने येथील घराघरांत रुळला. शब्दाबरोबर एक अनुभवही रुळला. मावेजा जाहीर होणे वेगळे, तो मंजूर होणे वेगळे आणि तो हातात पडणे वेगळे. १८९४ चा भूमिसंपादन कायदा २०१३ च्या अखेरीपर्यंत अमलात होता. त्यात एक अट अशी होती, की जाहीर झालेली रक्कम 'निषेध नोंदवून' स्वीकारली नाही, तर वाढीव मावेजासाठी दिवाणी न्यायालयाकडे प्रकरण पाठविण्याची मागणी करता येत नसे. चार अक्षरे लिहावयाची राहिली म्हणून किती जणांचा हक्क बुडाला असेल, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

त्या पिढीची मुले आज शिक्षक, लिपिक, ग्रामसेवक, बँक कर्मचारी झाली आहेत. त्यांची जमीन कोणी संपादित करीत नाही. ती स्वतःच पुण्यात, लातुरात, नांदेडात सदनिका किंवा भूखंड विकत घेतात. भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम, पत्नीचे दागिने आणि वीस वर्षांचे गृहकर्ज असा हा व्यवहार असतो. ठरलेल्या मुदतीत ताबा मिळाला नाही, म्हणजे या नव्या मध्यमवर्गापुढे बापजाद्यांचाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहतो : भरपाई कोणाकडे मागावयाची, कशी मागावयाची, आणि मागून मंजूर झाली तर ती वसूल कशी व्हावयाची? पहिल्या दोन प्रश्नांना कायद्याने बऱ्यापैकी उत्तर दिले आहे. तिसऱ्या प्रश्नाकडे मात्र शासनाने, प्राधिकरणाने आणि आपण नागरिकांनीही द्यावे तितके लक्ष दिलेले नाही.

एका पत्राची कथा

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी आपल्या तक्रारीचा मसुदा घेऊन प्रस्तुत लेखकाकडे आले. मुलगा पुण्यास नोकरीला लागला म्हणून त्यांनी तेथे दोन खोल्यांची सदनिका घेतली होती. करारनाम्यात लिहिलेली ताब्याची तारीख उलटून अडीच वर्षे झाली होती. मुलगा भाड्याच्या घरात राहत होता आणि वडील जळकोटात बसून न मिळालेल्या घराचे हप्ते भरीत होते. मसुद्यात विकासकाच्या वागणुकीचे चार पानांचे वर्णन होते आणि शेवटी एकच ओळ : 'तरी योग्य तो न्याय मिळून नुकसानभरपाई मिळावी, ही विनंती.' अर्थशास्त्राच्या अध्यापकास कायद्याचे ज्ञान यथातथाच. म्हणून आम्ही दोघांनी भाषेच्या चुका तेवढ्या दुरुस्त केल्या आणि अर्ज दाखल झाला. यथावकाश व्याजाचा आदेश मिळाला. भरपाईसाठी मात्र वेगळा अर्ज करावा लागेल, असे उत्तर आले. व्याजाचा आदेश त्यांच्या कपाटात आहे. व्याज अजून विकासकाकडेच आहे.

या साध्या कथेत दोन चुका आहेत. पहिली अर्जदाराची आणि दुसरी व्यवस्थेची. पहिली समजून घेतली तर टाळता येते. दुसरीसाठी लोकमताचा रेटा हवा.

मागणी नेमकी कशाची?

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला. त्याच वर्षी महाराष्ट्राने 'महारेरा' हे प्राधिकरण स्थापन केले. त्यापूर्वी आपल्याकडे १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा होता. पण त्याखाली दाद मागणे म्हणजे दिवाणी किंवा फौजदारी न्यायालयाच्या पायऱ्या झिजविणे होते. नव्या कायद्याने पायऱ्या कमी केल्या. तक्रार संगणकावरून दाखल होते आणि २०२० पासून सुनावणीही दूरदृश्य पद्धतीने होऊ लागली. मुंबईस जाण्यासाठी रात्रभराचा प्रवास आणि दोन दिवसांची रजा खर्ची घालणाऱ्या जळकोटच्या माणसाला ही सोय लहान नाही.

परंतु या कायद्याने तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. भरलेल्या रकमेचा परतावा, त्या रकमेवरील व्याज आणि नुकसानभरपाई या त्या तीन गोष्टी होत. कलम १८ प्रमाणे विकासकाने ठरल्या तारखेस ताबा दिला नाही, तर खरेदीदारापुढे दोन मार्ग असतात. प्रकल्पातून बाहेर पडावयाचे असेल तर सर्व रक्कम व्याजासह परत मागता येते आणि भरपाईही मागता येते. घर हवेच असेल तर ताबा मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याच्या विलंबाचे व्याज मिळते. कोणता मार्ग पत्करावयाचा, हे ठरविण्याचा अधिकार खरेदीदाराचा आहे, विकासकाचा नव्हे. जमिनीच्या मालकी हक्कातच दोष निघाला, तर त्या भरपाईच्या मागणीस मुदतीचा अडसर येत नाही. खोट्या जाहिरातीस भुलून पैसे भरले असतील, तर कलम १२ लागू होते. ताब्यानंतर पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष दाखवून दिला आणि तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त झाला नाही, तर कलम १४ प्रमाणे भरपाई मागता येते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिलेल्या लातूर जिल्ह्याला कच्च्या बांधकामाचे मोल वेगळे सांगावयास नको.

आता दरवाजे कोणते, ते पाहू. परतावा आणि व्याज यांचा निर्णय प्राधिकरण करते. नुकसानभरपाईचा निर्णय मात्र न्यायनिर्णय अधिकारी करतो, आणि तो जिल्हा न्यायाधीश असलेला किंवा राहिलेलाच असावा लागतो. दोन्ही अर्जांचे नमुनेही महाराष्ट्राच्या नियमांत वेगळे आहेत. ही सीमारेषा काही वर्षे धूसर होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यूटेक प्रमोटर्स विरुद्ध उत्तर प्रदेश शासन या खटल्यात ती स्पष्ट केली. त्याच निकालात न्यायालयाने सांगितले, की मुदतीत ताबा न मिळाल्यास परतावा मागण्याचा खरेदीदाराचा हक्क बिनशर्त आहे, आणि विकासकाने कितीही अडचणी सांगितल्या तरी तो क्षीण होत नाही. आमच्या सहकाऱ्यांनी परतावा मागितला नव्हता, व्याज स्पष्टपणे मागितले नव्हते आणि भरपाई चुकीच्या दारात मागितली होती. 'योग्य तो न्याय' ही मागणी हृदयस्पर्शी असेल. पण न्यायदान करणाऱ्यास तिचे आकडे करता येत नाहीत.

व्याज आणि भरपाई

व्याज मिळाल्यावर भरपाई आणखी कशाला, असा प्रश्न काही सुज्ञ लोकही विचारतात. त्याचे उत्तर अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही देता यावे. व्याज ही पैशाच्या काळाची किंमत आहे. भरपाई ही प्रत्यक्ष झालेल्या हानीची किंमत आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार व्याजाचा दर भारतीय स्टेट बँकेच्या निधिखर्चावर आधारलेल्या सर्वोच्च कर्जदरापेक्षा दोन टक्के अधिक असतो. उदाहरणादाखल तो साडेदहा टक्के धरू. एखाद्याने पंचवीस लाख रुपये भरले असतील, तर त्याला वर्षाला दोन लाख साडेबासष्ट हजार रुपये व्याज देय होईल. हेच पंचवीस लाख विकासकाने खासगी सावकारी बाजारातून पंधरा टक्क्यांनी उचलले असते, तर त्याला वर्षाला पावणेचार लाख मोजावे लागले असते. म्हणजे ताबा लांबवून आणि व्याजाचा आदेश निमूटपणे पाळूनही तो वर्षाला लाखावर रुपये वाचवितो. आदेश पाळलाच नाही, तर त्याला बिनव्याजी भांडवल मिळते, आणि तेही अशा माणसाकडून की ज्याने स्वतः ते बँकेकडून व्याजाने घेतले आहे.

कायदा करणाऱ्यांना हे कळत नव्हते असे नाही. भरपाईची रक्कम ठरविताना कोणत्या गोष्टी विचारात घ्याव्यात, हे कलम ७२ सांगते. आणि त्यात अगदी पहिली गोष्ट आहे ती कसूर करणाऱ्याने मिळविलेला अवाजवी लाभ. त्यानंतर कसुरीमुळे झालेली हानी येते आणि मग कसुरीची पुनरावृत्ती. कसूर हा किफायतशीर धंदा होऊ नये, हा या कलमाचा खरा हेतू आहे. तथापि बहुसंख्य तक्रारदार केवळ 'मानसिक त्रास' एवढेच लिहून थांबतात. मानसिक त्रास खोटा असतो असे कोण म्हणेल? लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयानेच घरबांधणी ही ग्राहक कायद्याखालील सेवा मानून अशा छळाची भरपाई योग्य ठरविली होती. परंतु मानसिक त्रासाची पावती नसते, भाड्याची असते. भाडेकरार, भाडे भरल्याचा बँकेचा उतारा, बँकेने कापून घेतलेले व्याज, विकासकाने वेळोवेळी पाठविलेली पत्रे, जाहिरातीचा कागद आणि त्याच परिसरात त्याच आकाराच्या घराची वाढलेली किंमत, हे भरपाईचे खरे साक्षीदार होत. ताबा घेताना 'माझी कोणतीही तक्रार नाही' असे छापलेल्या कागदावर सही मागितली जाते. जुन्या भूमिसंपादनातील निषेधाची गोष्ट आठवून त्या कागदावर आपली हरकत अवश्य लिहावी.

जवळचा दरवाजा

महारेराशिवाय ग्राहक आयोगाचाही मार्ग खुला आहे. तो रेरामुळे बंद झालेला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली इम्पीरिया स्ट्रक्चर्सच्या खटल्यात स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची मुभा दिली. म्हणजे पुण्याच्या विकासकाविरुद्ध जळकोटच्या शिक्षकाला लातूरच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पन्नास लाखांपर्यंतची रक्कम दिलेली असेल तर जिल्हा आयोग पुरतो, आणि त्याचे शुल्कही हजार रुपयांच्या पलीकडे जात नाही. महारेराकडे तक्रारीस पाच हजार लागतात. मात्र एकाच मागणीसाठी दोन्ही दारे एकाच वेळी ठोठावता येत नाहीत. विचार करून एक निवडावे लागते.

तालुक्याच्या गावांना या दुसऱ्या मार्गाचे महत्त्व विशेष आहे. कारण पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी नसलेली जागा किंवा आठपेक्षा अधिक सदनिका नसलेली इमारत यांना रेराच्या नोंदणीतून सूट आहे. जळकोट, अहमदपूर, मुखेड यांसारख्या गावांत उभ्या राहणाऱ्या इमारती बहुधा याच मापाच्या असतात. याचा अर्थ असा, की मोठ्या शहरातील मोठ्या ग्राहकाला जे संरक्षण मिळाले, ते लहान गावातील लहान ग्राहकाच्या वाट्याला आले नाही. वस्तुतः ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार कलम ३ नेच राज्य शासनास दिलेला आहे. संसदेकडे जाण्याचीही गरज नाही. मंत्रालयातून एक अधिसूचना निघाली की पुरे. भूखंड पाडून विकणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. पाचशे चौरस मीटरवरील भूखंडांचे प्रकल्पही नोंदणीस पात्र आहेत, आणि नोंदणी क्रमांकाशिवाय त्यांची जाहिरात करता येत नाही. तेव्हा सातबाऱ्याबरोबर नोंदणी क्रमांक विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

आदेशानंतरचा अंधार

येथवरचा भाग जाणतेपणाचा झाला. खरे दुखणे यापुढे आहे. प्राधिकरणाचा किंवा न्यायनिर्णय अधिकाऱ्याचा आदेश विकासकाने पाळला नाही, तर कलम ४० प्रमाणे ती रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करावयाची असते. त्यासाठी वसुलीचे अधिपत्र जिल्हाधिकाऱ्याकडे जाते, तेथून तहसीलदाराकडे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने या वसुलीसाठी शासनाला भक्कम हत्यारे दिली आहेत. मागणीची नोटीस, जंगम मालाची जप्ती, स्थावराची जप्ती व लिलाव आणि थकबाकीदाराची अटकसुद्धा त्यांत येते. मराठवाड्यातील शेतकऱ्याला यांपैकी एकही शब्द नवा नाही. चार-दोनशे रुपयांच्या शेतसाऱ्यापायी दारात आलेली तहसीलची माणसे त्याने पाहिली आहेत. तेच तहसील कार्यालय, तीच संहिता, तीच कलमे. मग लाखो रुपयांच्या थकबाकीदार विकासकासमोर ती इतकी सौम्य का होतात?

याचे एक उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. महसूल यंत्रणेपाशी निवडणुका आहेत, दुष्काळाचे पंचनामे आहेत, अनुदानांच्या याद्या आहेत. वसूल झालेला शेतसारा शासनाच्या तिजोरीत जातो आणि त्याचे उद्दिष्ट वरून ठरवून दिलेले असते. घरखरेदीदाराची वसुली ही त्या यंत्रणेच्या दृष्टीने परक्याचे काम असते. तिचे उद्दिष्ट नाही, तिचा आढावा नाही. ही अडचण ओळखून महारेराने मुंबई उपनगर आणि पुणे येथील जिल्हाधिकारी कार्यालयांत निवृत्त महसूल अधिकाऱ्यांची मदत देऊ केली. पाऊल योग्य होते. पण अधिकाऱ्यांची अशी उसनवारी हा कायमचा उपाय नव्हे.

आदेश मिळूनही तो न पाळला गेला तर काय होते, याचे मुंबईतील समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेचे उदाहरण बोलके आहे. सभासदांना १९९७ साली ताबा मिळाला; पण विकासकाने भोगवटा प्रमाणपत्र मिळवून दिले नाही. त्यापायी संस्थेला मालमत्ता कर पंचवीस टक्के आणि पाणीपट्टी पन्नास टक्के अधिक भरावी लागत होती. १९९८ साली तक्रार झाली. राज्य आयोगाने चार महिन्यांत प्रमाणपत्र मिळवून द्यावे असा आदेश दिला, तो २०१४ साली! तो आदेशही पाळला गेला नाही, तेव्हा संस्थेने जादा भरलेल्या सुमारे दोन कोटी साठ लाख रुपयांची भरपाई मागितली. राष्ट्रीय आयोगाने ही मागणी मुदतबाह्य ठरवून २०१८ साली फेटाळली. अखेर ११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र न देणे ही चालू राहणारी चूक आहे असे सांगून मागणी जिवंत ठरविली आणि प्रकरण गुणवत्तेवर निकाल देण्यासाठी परत पाठविले. ताब्यापासून पंचवीस वर्षांनी तक्रारदार पुन्हा सुनावणीच्या दारात! निकालाने दिलेला दिलासा मोठा आहे, यात शंका नाही. पण चार महिन्यांचा तो आदेश वेळीच पाळून घेतला गेला असता, तर पुढचा सारा खटाटोप करण्याची वेळच आली नसती.

विकासकांची बाजूही ऐकली पाहिजे. परवानग्या रखडतात, सिमेंट-लोखंडाचे भाव वाढतात, आणि सर्वांनीच परतावा मागितला तर प्रकल्प कोसळून उरलेल्या खरेदीदारांचेच नुकसान होते, असे ते म्हणतात. यात तथ्य नाही असे नाही. पण कायद्याने त्याचीही दखल घेतली आहे. युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप अशा आपत्तींसाठी मुदतवाढीची तरतूद आहे. खरेदीदारांकडून घेतलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमीन व बांधकामावर खर्च करण्याचे बंधन आहे. ज्याने ते पाळले, त्याच्यावर परताव्याने प्रकल्प कोसळण्याची वेळ सहसा येत नाही. एकाचे पैसे दुसऱ्या प्रकल्पात घालणाऱ्याच्या जोखमीचा भार शिक्षकाच्या पगारावर का पडावा?

तीन गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. पहिली, आदेशातच देय तारीख असावी आणि विकासकाच्या मालमत्तेचा व बँक खात्यांचा तपशील सुनावणीच्या काळातच शपथेवर घेतला जावा. कारण अधिपत्र हाती आल्यावर जप्त काय करावयाचे हे शोधत बसणे म्हणजे घोडा पळाल्यावर तबेल्याला कडी लावणे होय. अपिलाच्या बाबतीत कायद्याने अशी खबरदारी आधीच घेतली आहे. विकासकाला खरेदीदारास देय असलेली संपूर्ण रक्कम न्यायाधिकरणात भरल्याखेरीज अपील चालविता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ही अट वैध ठरविली आहे. दुसरी, प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयाने किती अधिपत्रे आली, किती वसूल झाली आणि किती पडून आहेत, याची यादी दर महिन्यास फलकावर लावावी. आणि महसुली उद्दिष्टात या वसुलीचाही समावेश व्हावा. तिसरी, ज्याच्याकडे अशी थकबाकी आहे त्याला नव्या प्रकल्पाची नोंदणी देऊ नये. जुन्या देण्याची फेड झाल्याशिवाय सोसायटी शेतकऱ्याला नवे पीककर्ज देत नाही. मग विकासकालाच वेगळा न्याय का?

शासन हे करीपर्यंत आपल्यालाही हात जोडून बसण्याचे कारण नाही. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या आवारात असते. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य साहाय्य मिळते. एकाच इमारतीतील दहा खरेदीदार एकत्र आले, तर अधिपत्राचा पाठपुरावा एकट्या माणसाच्या रजेवर अवलंबून राहत नाही.

आमच्या त्या सहकाऱ्यांनी गेल्या महिन्यात भरपाईचा वेगळा अर्ज केला. या वेळी शेवटची ओळ बदलली आहे. कोणत्या कलमाखाली, किती रुपये, कोणत्या तारखेपासून आणि कशाच्या पुराव्यावर, हे सारे त्यात क्रमाने लिहिले आहे. त्यांनी आपली चूक दुरुस्त केली. पहिला आदेश मात्र अद्याप कपाटातच आहे. तो तेथून बाहेर काढून वसुलीपर्यंत पोहोचविणे हे आता शासनाचे काम आहे. मावेजा जाहीर झाला म्हणजे मिळाला, असे मानण्याइतका मराठवाडा आता भोळा राहिलेला नाही.